१८,००० रुपये आले कुठून?

(वाचकांच्या पत्रांना उत्तरं)

मागच्या अंकात आठव्या वेतन आयोगावर मी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. निम्मी पत्रं चिडून लिहिलेली, निम्मी काळजीनं. नव्या वाचकांसाठी सांगते: १९७७ ते २०१५ अशी ३८ वर्षं मी सातारा जिल्ह्यात कोषागाराच्या नोकरीत होते. पगाराची आणि पेन्शनची बिलं तपासायची, हेच काम. आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. आमच्या घराची चूल दोन सरकारी पगारांवर पेटली, तेव्हा मी तटस्थ आहे असं म्हणणार नाही. हिशेब मात्र चोख मांडीन.

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. बारा तासांची पाळी असते. पेपरात वाचलं की मागच्या आयोगात सरकारी नोकरांचा पगार अडीच पटीनं वाढला, आणि आता पुन्हा वाढणार. आम्ही मजुरी वाढवा म्हटलं की मालक मंदी सांगतो. दर दहा वर्षांनी दिवाळी यांचीच का?

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. आधी त्या अडीच पटीचं बघू.

सातव्या आयोगात सगळ्यात खालच्या माणसाचं बेसिक ७,००० वरून १८,००० झालं. ७,००० ला २.५७ नं गुणलं की जवळपास हाच आकडा येतो, आणि पेपरांनी तेवढाच मोठ्या टायपात छापला. पण १ जानेवारी २०१६ ला त्या ७,००० वर १२५ टक्के महागाई भत्ता चालूच होता. ७,००० आणि ८,७५० मिळून १५,७५० होतात. एवढे पैसे त्या शिपायाच्या हातात आधीच पडत होते. आयोगानं भत्ता बेसिकमध्ये मिळवला आणि भत्त्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू केली. खरी वाढ १५,७५० वरून १८,०००, म्हणजे २,२५० रुपयांची. शेकडा सव्वाचौदाच्या आसपास, आणि तीही दहा वर्षांनी. महागाई भत्त्याला मी वाढ धरत नाही. बाजारात तेल-डाळ चढते, तिच्या मागून तो धावतो. करोनाच्या काळात त्याचे तीन हप्ते गोठवले होते. पुढे दर वाढवून दिला, पण त्या दीड वर्षाचा फरक आजतागायत कुणाला मिळालेला नाही.

आता हे १८,००० आले कुठून, ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे.

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतनाचं एक माप ठरलं. आहारतज्ज्ञ डॉ. अॅक्रॉइड यांच्या आकड्यांवरून ते बसवलेलं आहे. कमावत्या माणसाचं एक माप, बायकोचं ०.८, दोन मुलांचं ०.६ आणि ०.६. मिळून तीन मापं. प्रत्येक मापाला दिवसाला २,७०० कॅलरी अन्न. माणशी वर्षाला १८ वार कापड. त्यावर घरभाडं, जळण, दिवाबत्ती. धान्य-डाळी-भाज्यांचे बाजारभाव घालून याची बेरीज मारायची. सातव्या आयोगानं हेच माप पुढं नेलं, त्यात कौशल्याची आणि लग्नकार्याची भर घातली आणि १८,००० वर आला.

दादा, हे माप सरकारी नोकरासाठी बनवलेलंच नव्हतं. ते सगळ्या कामगारांसाठी होतं. मागावर उभ्या राहणाऱ्या तुमच्यासाठी होतं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ते हाताशी धरलं आणि दर आयोगासमोर तेच मांडत राहिल्या, म्हणून त्यांच्या पदरात पडलं. तुमच्याकडे ते कुणी पोहोचवलंच नाही. शिपायाचे १८,००० कमी करून तुमची मजुरी वाढणार नाही. तुमच्या घरातही तीन मापं जेवतात, हे मालकाला आणि किमान वेतन ठरवणाऱ्यांना विचारायला हवं, आणि ते विचारणाऱ्या माणसांत माझं नाव जरूर धरा.

एक गोष्ट तुमची शंभर टक्के खरी. राज्याच्या तिजोरीतला मोठा वाटा पगार, पेन्शन आणि कर्जाच्या व्याजात जातो. म्हणूनच वरच्या पगारांबद्दल मला वेगळं बोलायचं असतं. सातव्या आयोगात तळाला १८,००० आणि सगळ्यात वर कॅबिनेट सचिवांना अडीच लाख होते. तळाच्या पायरीवर भरपूर द्यावं आणि वर चढताना हात आखडता घ्यावा, हे माझं मत मी नोकरीत असतानाही साहेबांसमोर बोलून दाखवलं होतं. त्या मापात म्हातारे आई-वडील कुठेच नाहीत, हेही. आपल्याकडे कोणत्या घरात ते नसतात?

प्रश्न : राज्य कर्मचाऱ्यांना आठवा आयोग कधी लागू होईल? घर बांधायला काढायचं आहे. (कोरेगाव)

केंद्रानं आयोग नेमला आहे. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्यायमूर्ती रंजना देसाई अध्यक्ष आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमणूक झाली आणि अहवालाला १८ महिन्यांची मुदत आहे. तो केंद्राचा. राज्य आपलं नंतर ठरवतं. सातवा आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला, पण राज्याच्या कर्मचाऱ्यांना वाढीव पगार प्रत्यक्षात २०१९ साली मिळू लागला, आणि मागचा फरक पाच हप्त्यांत द्यायचं ठरलं. मी नोकरीत होते तेव्हाही, आधीच्या आयोगांच्या वेळी, अशा फरकाच्या भरवशावर कर्ज काढलेली माणसं माझ्या टेबलासमोर येऊन रडलेली आहेत. आजच्या पगारात बसेल तेवढंच घर काढा.

प्रश्न : माझे मिस्टर सैन्यात नाईक आहेत, सध्या फील्डला. गावात लोक म्हणतात, "तुम्हाला काय, रेशन फुकट, कॅन्टीन फुकट, वर पगारवाढ." मला उत्तर सुचत नाही. मिलिटरी सर्व्हिस पे म्हणजे नक्की काय, हेही सांगा. (खटाव तालुका)

ताई, हे वाक्य मी २८ वर्षं ऐकलं. लग्नात, हळदीकुंकवाला, एसटीच्या स्टँडवर. आता तुमच्यासाठी नीट उत्तर देते.

कॅन्टीन फुकट नसतं. साबण, तेल, मिक्सर बाजारापेक्षा स्वस्त मिळतो, पैसे मोजावेच लागतात. रेशन जवानाचं असतं. तो फील्डला असला की तो तिकडे जेवतो आणि तुम्ही, मुलं, सासू-सासरे इकडे जेवता. एका पगारावर दोन ठिकाणी संसार. मुलाचा ताप, शाळेचा दाखला, विहिरीच्या मोटारीचं बिल, सासऱ्यांचा मोतीबिंदू, सगळं तुमच्या एकटीवर. याचा भत्ता कुठल्याच स्लिपवर नसतो.

मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे स्लिपवरचा एमएसपी, सहाव्या आयोगानं सुरू केला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण त्या आयोगाचे अध्यक्ष होते. सैनिकाला संघटना करता येत नाही, संप करता येत नाही, बदली नको म्हणता येत नाही, जिवाचा धोका रोजचा, आणि ऐन उमेदीत, पस्तीस-चाळिशीत, त्याला घरी पाठवलं जातं. सिव्हिलमधला शिपाई साठीपर्यंत पगार घेतो. हा फरक भरून काढायला तो पैसा आहे. सुरुवातीला जवान ते सुभेदार मेजर सगळ्यांना २,००० आणि अधिकाऱ्यांना ६,००० होता. सातव्या आयोगात तो ५,२०० आणि १५,५०० झाला. त्यावर महागाई भत्ता मिळतो, पेन्शनलाही तो धरतात. वार्षिक वेतनवाढीला मात्र धरत नाहीत.

इथं मला मनापासून वाईट वाटतं ते सांगते. कालचा भरती झालेला शिपाई आणि २८ वर्षं झिजलेला सुभेदार मेजर, दोघांना तेच ५,२००. जेसीओंना, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांना, वेगळा, जास्त एमएसपी द्यावा अशी मागणी झाली, पण मान्य झाली नाही. अधिकाऱ्यांचा दर त्यांच्या जवळजवळ तिप्पट का, हेही मला कुणी पटेल असं समजावलेलं नाही. गोळीला हुद्दा कळत नाही. आठव्या आयोगासमोर सैन्यदलांचं म्हणणं जाईल, तेव्हा ही गोष्ट ठामपणे मांडली जावी.

सियाचीनचं तर मी घरातच पाहिलं. आमचे हे तिथून सुट्टीवर आले, तेव्हा मोरीत गरम पाण्याची बादली काढून ठेवली होती. त्यांनी हात घातला, आणि पाणी गरम आहे की गार, हे त्यांना डाव्या हाताच्या दोन बोटांना कळेना. मलाच विचारलं, "पाणी कढत आहे का गं?" आजही डिसेंबरात त्या बोटांची टोकं निळी पडतात. ते वर होते तेव्हाचा भत्ता सांगितला तर तुम्हाला खरं वाटणार नाही. सातव्या आयोगानं सियाचीनसाठी जवान-जेसीओंना २१,००० सुचवले होते, सरकारनं २०१७ मध्ये ते वाढवून महिना ३०,००० केले. ते ऐकून यांनी रेडिओ बंद केला आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. म्हणाले, "पोरांना मिळतंय, बरं झालं."

आणि ताई, तुमच्या मिस्टरांना जुनी, म्हणजे शेवटच्या पगारावर ठरणारी पेन्शन आहे, हे विसरू नका. २०२२ पासून अग्निवीर म्हणून जाणाऱ्या पोरांचं तसं नाही. पहिल्या वर्षी ३०,००० ठरलेले, त्यातले ९,००० चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या सेवा निधीत कापून २१,००० हातात. महागाई भत्ता नाही, एमएसपी नाही, चार वर्षांनी जास्तीत जास्त चौघांतला एक पुढं राहणार. थंडी त्यांना तीच लागते. अपशिंगे मिलिटरीसारखी घरोघरी सैनिक असलेली गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या आयांनी हा प्रश्न विचारायला हवा, आणि त्या मला पत्रं लिहून विचारतही आहेत.

प्रश्न : मार्च २०२३ च्या संपात माझ्या आईचं ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. ती आठ दिवस वेदनेत होती. तुम्ही लोक पेन्शनसाठी आजारी माणसाला वेठीला धरता, त्याबद्दल काय म्हणणं आहे?

तुमच्या आईंना जे सोसावं लागलं ते चूक होतं. त्याला मी कुठलंही कारण जोडणार नाही.

१४ ते २० मार्च २०२३ चा तो संप. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन द्या, ही मागणी. मी तेव्हा रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती. "एकच मिशन, जुनी पेन्शन" लिहिलेल्या टोप्या घातलेली पोरं-पोरी मी कलेक्टर कचेरीसमोर पाहिली. मागणी मला पटते. बाजारातल्या चढउतारावर माणसाचं म्हातारपण टांगून ठेवू नये, असं मी म्हणते, आणि सरकारी नसलेल्या माणसाच्या म्हातारपणाबद्दलही तेच म्हणते.

१९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप मी केलेला आहे. र. ग. कर्णिक नेते होते, केंद्राप्रमाणे महागाई भत्ता द्या ही मागणी होती. माझी नोकरी नवी, वय वीस. दुसऱ्या महिन्यात घरात ज्वारी संपली. कोपऱ्यावरच्या वाण्यानं वहीत माझ्या नावाचं नवं पान काढलं आणि म्हणाला, "पगार सुरू झाला की दे." त्याला स्वतःला कसला महागाई भत्ता होता? आपला संप आपल्या पगारावर चालत नाही, वाण्याच्या उधारीवर आणि लोकांच्या सोसण्यावर चालतो, हे त्या पानानं मला शिकवलं. म्हणून ऑपरेशन थिएटर, बाळंतीण खोली, अपघात विभाग यांना संपातून बाहेर ठेवावं, आणि ते संघटनांनी स्वतः, पहिल्याच दिवशी जाहीर करावं, असं मी आमच्या मंडळींना तेव्हापासून सांगत आले आहे. सगळे ऐकत नाहीत.

प्रश्न : मी तालुक्याच्या एका कार्यालयात कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर आहे. नऊ वर्षं झाली. शेजारच्या टेबलावर कायम लिपिक बसतात, काम तेच. त्यांची पगारवाढ मीच टाइप करते. माझी कधी टाइप होणार?

बाळ, तुझ्या शेवटच्या दोन वाक्यांनी मला रात्री झोप लागली नाही.

मी बिलं पास करायची तेव्हा कायम माणसांचं बिल वेतनाच्या शीर्षाखाली यायचं आणि तुझ्यासारख्यांचं कंत्राटी सेवांच्या शीर्षाखाली. दोन वेगळे गठ्ठे, दोन वेगळ्या दोऱ्या. एका महिन्यात कंत्राटीच्या गठ्ठ्यातलं एक बिल मी बारीकशा आक्षेपावर परत पाठवलं, सहीखाली तारीख नव्हती. नियमानं बरोबरच होतं. त्या बिलावरच्या सहा मुलींचा पगार त्यामुळे तीन आठवडे लांबला. कायम माणसांच्या बिलात अशी चूक असती तर मी फोन करून माणूस बोलावला असता आणि जागेवर तारीख घालून घेतली असती. त्या मुलींसाठी मी फोन उचलला नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आता कामाचं. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात निकाल दिला. हंगामी, रोजंदारी, कंत्राटी माणूस कायम माणसाइतकंच काम करत असेल, तर त्याला निदान त्या पदाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन मिळालं पाहिजे. "समान काम, समान वेतन" याचा अर्थ न्यायालयानं तिथं स्पष्ट सांगितला. पण दोन गोष्टी आधी बघाव्या लागतील. तुझ्या नेमणुकीच्या आदेशावर सही कार्यालयाची आहे की मध्ये एखादी एजन्सी आहे? एजन्सी असेल तर वाट अवघड होते. दुसरं, काम तेच आहे याचा कागद हवा: कामवाटपाचा आदेश, तुझ्या नावानं निघालेल्या टिपण्या, हजेरीपट. तोंडी सांगून भागत नाही.

नऊ वर्षांतले सगळे आदेश तारखेप्रमाणे लाव, प्रत्येकाची झेरॉक्स काढ आणि मूळ कागद घरीच ठेव. झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठव. कागद वाचून, पुढं कुणाकडे अर्ज करायचा ते तुला मी स्वतः लिहून कळवते.