केमो चालू असताना आवळा, हळद, गव्हांकुर दिल्याने त्रास कमी होतो का?

आईच्या केमोचे दोन डोस झालेत, नातेवाईक रोज नवं काहीतरी सुचवतायत, आणि आवळ्याचा रस, हळदीच्या कॅप्सूल, गव्हांकुर यांतलं काय द्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरसाठी मी स्वतः आठ डोस घेतले, त्यातले पहिले चार ‘लाल औषधा’चे, म्हणजे डॉक्सोरुबिसिनचे. तेव्हा नणंदेने प्रेमाने आणलेल्या बाटल्यांनी आमच्या फ्रिजचा एक कप्पा भरला होता.

ते औषध सिस्टर शेजारी बसून सिरिंजने हळूहळू सोडायची. रंग थेट कोकम सरबताचा. घरी आल्यावर लघवीही त्याच रंगाची झाली, तेव्हा रक्तच जातंय म्हणून मी नवऱ्याला हाका मारत सुटले होते. हे औषध पेशींचा डीएनए तोडतं आणि ते करताना फ्री रॅडिकल्सही, म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू, तयार होतात. त्यांना थोपवायची ताकद हृदयाच्या स्नायूत मुळातच कमी, म्हणून आधी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) काढतात आणि आयुष्यभरात किती औषध द्यायचं यालाही मर्यादा असते. मग या रॅडिकल्सना थोपवणारे अँटिऑक्सिडंट, जे आवळ्यात-हळदीत असतात, ते भरपूर दिले की झालं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. गोम अशी की केमोची बरीच औषधं कॅन्सरच्या पेशींनाही काही अंशी याच मार्गाने मारतात, आणि गोळीतल्या अँटिऑक्सिडंटला हृदयाची पेशी कुठली नि गाठीतली कुठली हे कळत नाही.

२०२० साली अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या १,१३४ रुग्णांची माहिती तपासली गेली. केमोच्या आधी आणि केमो चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याकडे कल जास्त दिसला. फरक काठावरचा होता आणि त्यावरून गोळ्यांमुळेच तसं झालं हे सिद्ध होत नाही. पण ‘घेतलं तर निदान नुकसान तरी नाही ना’ हे वाक्य मी तेव्हापासून सोडून दिलं.

तिसऱ्या डोसच्या वेळी मी सगळ्या बाटल्या पिशवीत घालून ओपीडीत नेल्या. डॉक्टरांनी एकेक उचलून लेबल वाचलं आणि म्हणाले, ‘ताटात येतं ते खा. बाटलीत आणि कॅप्सूलमध्ये येतं ते केमो संपेपर्यंत बंद.’ आमटीतली चिमूटभर हळद आणि कॅप्सूलमधली हळद यांची तुलनाच नाही. हळदीतलं कर्क्युमिन शरीरात फारसं शोषलंच जात नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा मिरीचा अर्क घालतात. तो अर्क लिव्हर इतर औषधं कशी पचवतं यातही ढवळाढवळ करतो. गुळवेलीचं तर मुंबईच्या डॉक्टरांनीच लिहिलंय: कोरोनाच्या काळात गुळवेल घेतलेले सहा जण लिव्हरला इजा होऊन त्यांच्याकडे आले होते. ‘ग्रीन टी तरी चालेल ना?’ हेही लोक विचारतात. तुमच्या आईला बोर्टेझोमिब (मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध) चालू असेल तर नको. ग्रीन टीमधला मुख्य घटक त्या औषधाला निकामी करतो, असं प्रयोगशाळेत आणि उंदरांमध्ये दिसलंय.

गव्हांकुराबद्दल मला वेगळीच भीती वाटते. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. दमट ट्रेमध्ये वाढवलेलं गवत न शिजवता, मिक्सरमधून काढून पाजायला ती वेळ नव्हे. माझा काउंट दहाव्या दिवशी इतका खाली गेला होता, की बाहेरची कोशिंबीरसुद्धा बंद झाली. ताप १००.४ च्या वर गेला तर काढा करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

मग द्यायचं काय? दुधी, पडवळ, लाल भोपळा, मूगडाळीची पातळ खिचडी, शिजवलेलं बीट, घरी सोलून दिलेलं पपई-केळं. तोंड आलं नसेल तर आमटीत आमसूल. माझी चव गेली होती तेव्हा तेवढंच एक लागायचं. आवळा भाजीत किंवा चटणीत थोडा चालला, रसाचे ग्लास नाहीत. पिशवीतून परत आली ती फक्त सुंठ. मळमळीवर आल्याचा उपयोग ५७६ रुग्णांच्या एका चाचणीत दिसलाय, सगळ्यात जास्त दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम या मात्रेत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा प्लेटलेट्स कमी असतील, तर तेही आधी विचारून.

आईच्या फाइलवर औषधांची नावं असतील. ती आणि घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन पुढच्या ओपीडीला जा. नणंदेला काय सांगायचं हा प्रश्न राहतोच. मी सांगितलं, डॉक्टरांनी ठेवून घेतल्या.