वाचकांचे प्रश्न : मांसल कोंबड्यांच्या पोटातले पाणी आणि खुंटलेली वाढ

प्रश्न : मी कामठी तालुक्यात राहतो. डिसेंबरच्या सुरुवातीला फोनवर नोंदणी करून दुसऱ्या जिल्ह्यातील हॅचरीतून एक दिवस वयाची 100 ब्रॉयलर पिल्ले मागवली. रात्रभर प्रवास करून खोकी सकाळी पोहोचली. पहिल्या आठवड्यात काही पिल्ले मेली, उरलेली ठीक वाटली. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र त्यांच्या आकारात मोठी तफावत दिसू लागली, काही लंगडू लागली आणि आता जी सर्वांत मोठी दिसतात तीच पोट फुगून मरत आहेत. थंडी लागू नये म्हणून पडदे पूर्ण बंद ठेवतो आणि आत कोळशाची शेगडी पेटवतो. खर्च आटोक्यात राहावा म्हणून दहाव्या दिवसापासून खाद्यात निम्मी तांदळाची कणी मिसळतो. कोणते औषध द्यावे?

उत्तर : आपण औषध विचारले आहे, परंतु आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर अडचणीवर औषध नाही. वर्णनावरून हा जलोदर, म्हणजे पोटात पाणी साठण्याचा विकार दिसतो. ब्रॉयलरचे मांस ज्या वेगाने वाढते त्या वेगाने त्याचे हृदय आणि फुप्फुसे वाढत नाहीत. थंडीत शरीराला प्राणवायू अधिक लागतो, आणि त्याच वेळी हवा कोंडलेली असेल तर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन ती निकामी होते व यकृतातून पाणी पोटात झिरपू लागते. म्हणूनच जी पिल्ले सर्वांत जोमाने वाढत होती तीच आधी जात आहेत. पोट फुगलेले पक्षी बरे होत नाहीत. ते वेगळे काढावेत आणि विकू नयेत.

उरलेल्या पक्ष्यांसाठी आजच दोन गोष्टी कराव्यात. शेगडी बाहेर काढावी, कारण कोळसा आतला प्राणवायू खातो आणि विषारी वायू सोडतो. उबेसाठी विजेचे दिवे पुरतात. पडद्यांचा वरचा हात-दीड हात भाग दिवसरात्र उघडा ठेवावा, म्हणजे पिल्लांच्या अंगावर थेट वारा न येता कोंडलेली हवा वरून निघून जाईल. शेडमध्ये पिल्लांच्या उंचीला खाली बसून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर तुसाची गादी ओली झाली आहे आणि तिच्यातून अमोनिया सुटतो आहे असे समजावे. ओला भाग काढून कोरडे तूस घालावे. पुढच्या बॅचला दुसऱ्या आठवड्यापासून रात्री चार ते सहा तास अंधार द्यावा. त्यामुळे वजन किंचित उशिरा भरते, पण मर कमी होते. माझ्या मते छोट्या पालकासाठी हा सौदा फायद्याचाच आहे.

लंगडेपणा आणि आकारातील तफावत यांचा संबंध मला प्रामुख्याने कणीशी वाटतो. भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांमुळे आपल्याकडे कणी सहज मिळते, पण तिच्यात प्रथिने जेमतेम आठ-नऊ टक्के असतात आणि कॅल्शियम जवळजवळ नसतेच, तर या वयाच्या पिल्लांना वीस टक्क्यांच्या वर प्रथिने लागतात. निम्मी कणी मिसळल्यावर प्रथिने, खनिजे आणि जीवनसत्त्वे सगळीच विरळ होतात. दांडगी पिल्ले तरी अधिक खाऊन थोडी भरपाई करतात. लहानांना तेही जमत नाही. पायाची बोटे आत वळली असतील तर जीवनसत्त्व बी-2 कमी पडले आहे. हाडे वाकत असतील तर कॅल्शियम, फॉस्फरस आणि जीवनसत्त्व डी-3 यांचा मेळ बिघडला आहे. कणी बंद करून पूर्ण तयार खाद्य सुरू करावे आणि पाण्यातून जीवनसत्त्वे द्यावीत. बोटे नुकतीच वळू लागली असतील तर सुधारणा दिसते, वाकलेली हाडे मात्र सरळ होत नाहीत.

पहिल्या आठवड्यातील मर प्रवासाशी जोडलेली असावी. पिल्लाच्या पोटातील बलक दोन-तीन दिवस पुरतो, म्हणून इतका प्रवास शक्य होतो. पण पहिले पाणी आणि खाद्य जितके उशिरा मिळते तितकी आतड्यांची वाढ मागे पडते. खोकी येण्याच्या कित्येक तास आधी ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याची बंदिस्त जागा, तापवून तयार ठेवावा. तापमान 32 ते 34 अंश असावे आणि ते आठवड्याला सुमारे तीन अंशांनी उतरवावे. आल्यावर प्रत्येक पिल्लाची चोच कोमट पाण्यात बुडवून मगच कागदावर भरडा पसरावा. तो कागद गुळगुळीत नसावा, नाहीतर पाय फाकतात. रात्री काही पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी चाचपून पाहावी. ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. दिव्याखाली गर्दी झाली तर ऊब कमी आहे आणि पिल्ले कडेला पांगून धापा टाकत असतील तर जास्त.

मानमोडी आणि गंबोरो हे कोंबड्यांचे विषाणूजन्य रोग आहेत. मानमोडीची लासोटा नावाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी आणि गंबोरोची बाराव्या ते चौदाव्या दिवशी दिली नसेल, तर मरीचे तेही एक कारण असू शकते. एखादा ताजा मेलेला पक्षी सेमिनरी हिल्स भागातील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन शवविच्छेदन करून घ्यावे. पत्रावरून केलेल्या निदानापेक्षा ते अधिक भरवशाचे आहे. दुकानदाराने कोलिस्टिन हे प्रतिजैविक सुचवले तर नकार द्यावा. पशुखाद्य आणि कुक्कुटपालनासाठी त्यावर 2019 पासून देशात बंदी आहे.

प्रश्न : एप्रिलमध्ये बॅच टाकावी का? शेडमध्ये कूलर लावला तर चालेल का? (एक वाचक, हिंगणा)

उत्तर : एप्रिलच्या आरंभी आलेली पिल्ले मेच्या मध्यावर दोन किलोची होतात आणि नागपूरचा पारा तेव्हाच 45 अंशांकडे झुकलेला असतो. उन्हाने मरतात ते हेच जड पक्षी. टाकायचीच असेल तर पक्षी दीड किलोच्या आतच विकावेत. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. मेमधील कोरड्या हवेत कूलर किंवा ओली गोणपाटे उपयोगी पडतात. जूनच्या उत्तरार्धात हवा दमट झाली की तोच ओलावा धापा निष्फळ करतो, तेव्हा कूलरमध्ये पाणी न घालता नुसता पंखा चालवावा. छपरावर तणस किंवा तुराट्या पसराव्यात, पाण्याची टाकी झाकावी आणि सकाळी दहापासून सायंकाळी पाचपर्यंत खाद्यभांडी वर टांगून ठेवावीत, कारण खाल्लेले पचवताना अंगात उष्णता वाढते.