जुन्या निगेटिव्ह, नवा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९८०पासूनच्या ३५ मिमी निगेटिव्ह घरात पडून आहेत. प्रत्येक फ्रेमचे पैसे मोजून स्टुडिओतून स्कॅन करणं परवडत नाही. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (३५ मिमी फ्रेमहून लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे. घरी जमेल का? एका डब्याला व्हिनेगरसारखा वास येतो.
– निवृत्त वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : जमेल, आणि छान जमेल: निगेटिव्हला मागून उजेड द्यायचा आणि कॅमेऱ्याने तिचा फोटो काढायचा. सुरुवात त्या वासाच्या डब्यापासूनच करा. ॲसिटेट फिल्म कुजू लागली की ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि त्यानेच कुजणं आणखी वेग घेतं. बंद डब्यात शेजारच्या पट्ट्यांनाही ते लागतं. यावर इलाज नाही. त्या पट्ट्या बाकीच्यांपासून दूर, हवेशीर जागी ठेवा आणि आकसून वळायच्या आत त्याच आधी उतरवून घ्या.

धूळ रबरी ब्लोअरने उडवायची. रुमालाने पुसलंत तर ओरखडे कायमचे. पांढुरकी जाळी दिसली तर ती बुरशी. तिला पाणी लावू नका. बुरशीने जिलेटिन पोखरलेलं असतं, ओलं होताच चित्राचा थरच सुटून येतो. ती काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. औषधाच्या दुकानात मिळणारं बहुधा ७० टक्क्यांचं असतं, उरलेलं पाणीच. ९९ टक्क्यांचं मागून घ्या.

मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम. नसेल तर ५० मिमी लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावा. सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद आणि निगेटिव्हची फ्रेम ३६ मिमी, म्हणजे ०.६५ पट मोठेपणा पुरतो. त्यासाठी लेन्स सुमारे ३२ मिमी पुढे यायला हवी. २५ मिमीच्या आसपासची ट्यूब लावली की उरलेलं अंतर फोकसची रिंग बरंचसं भरून काढते. खाली ९५ किंवा त्याहून जास्त सीआरआयचं (रंग किती खरे दिसतात त्याचा १००पैकी आकडा) एलईडी लाइट पॅनल. मोबाइलचा पडदा वापरायचा मोह होतो, पण त्याचे पिक्सेल फोटोत उमटतात. पॅनलवरही निगेटिव्ह थेट टेकवू नका, दोन-तीन सेंटिमीटर वर धरणारा होल्डर हवा. पॅनलवरची धूळ मग फोकसबाहेर जाते.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते कॅमेरा किंचित तिरका राहिल्यामुळे: एक कोपरा रेखीव, समोरचा धूसर. निगेटिव्हच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा समांतर झाला. स्पिरिट लेव्हलपेक्षा ही युक्ती भरवशाची.

निगेटिव्हची निस्तेज बाजू लेन्सकडे ठेवा. कडेची अक्षरं उलटी दिसतील, नंतर फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवून (फ्लिप) घ्या. आयएसओ १००, एफ/८, एक्स्पोजर मॅन्युअल, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), दोन सेकंदांचा टायमर, खोलीतले दिवे बंद. रंगीत रोलचा व्हाइट बॅलन्स दोन फ्रेममधल्या कोऱ्या नारिंगी पट्टीवरून घ्या आणि पूर्ण रोलला तोच ठेवा. नाहीतर पॉझिटिव्ह करताना एकाच समारंभातल्या साड्या दर फोटोत वेगळ्या रंगाच्या निघतात. फाइलला नाव वर्ष, रोल, फ्रेम या क्रमाने : १९८४-०३-१७. आणि काम झालं म्हणून निगेटिव्ह रद्दीत घालू नका. हार्ड डिस्क एका दिवसात जाते.

प्रश्न : निकॉनच्या जुन्या मॅन्युअल लेन्स आणि १९८०च्या दशकातला फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर चालेल का?
– वाचक, चिंचवड

उत्तर : लेन्स बऱ्याचशा चालतील. एआय लेन्स (१९७७पासूनच्या, छिद्राचा आकडा कॅमेऱ्याला कळवणाऱ्या) लावून डी७०००, डी७१००, डी७२०० यांचं प्रकाश मोजणारं मीटर चालतं. डी३००० आणि डी५००० मालिकेत चालत नाही, आणि डी७५००मध्येही ती सोय काढून टाकली आहे. १९७७च्या आधीची, एआयमध्ये न बदललेली लेन्स डी७२००सारख्या बॉडीवर जबरदस्तीने चढवू नका. माउंटजवळची खिट्टी मोडेल. मिररलेस झेड बॉडीवर एफटीझेड ॲडॉप्टरने मीटर चालतं, फोकस हाताने.

फ्लॅशचं प्रकरण गंभीर आहे. काही जुन्या फ्लॅशच्या तळावर २०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळू शकतं. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत साधा मल्टिमीटर मिळेल. फ्लॅश चार्ज करा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक तळाच्या मधल्या पिनेला, दुसरं कडेच्या धातूच्या पट्टीला. येणारा आकडा कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेच्या आत हवा. पुस्तिका नसेल तर ६ व्होल्टच्या वर असलेला फ्लॅश लावूच नका.

प्रश्न : विसर्जन मिरवणुकीत ढोल पथकाचे पांढरे झब्बे पांढरेफटक येतात. फिल्मवर असं होत नसे.
– वाचक, हडपसर

उत्तर : कारण तुम्ही निगेटिव्ह वापरत होतात. रंगीत निगेटिव्ह दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट, प्रकाश सहज पचवते. म्हणून ‘थोडं जास्तच द्या’ ही सवय लागते. डिजिटलमध्ये एकदा उडालेला पांढरा रॉ फाइलमधूनही पुरता परत येत नाही. इथे स्लाइड फिल्मची शिस्त लावा : मीटर उजळ भागावर, सावल्या नंतर उचलता येतात. हायलाइट वॉर्निंग (उडालेला पांढरा भाग पडद्यावर लुकलुकवणारी सोय) चालू करा, झब्बा लुकलुकला की एक्स्पोजर उणे ०.७ वर न्या.

प्रश्न : पावसाळ्यात कॅमेरा कुठे ठेवू?
– वाचक, कोथरूड

उत्तर : चामड्याच्या केसमध्ये तर नकोच, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास सुकवा, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. त्या निळ्या रंगात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं.