दादांबद्दल आता बोलावे का?

प्रश्न : माझे मोठे बंधू १९९३ साली इंदूरमध्ये एड्सने वारले. आम्ही सर्वांना क्षयरोग झाल्याचे सांगितले. शेवटी शेवटी त्यांचे ताट उंबऱ्यातूनच आत सरकवले जाई आणि खांदा द्यायला रामबागेतले आप्तही पुढे आले नाहीत. यंदा १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आमच्या महिला मंडळात मी बोलावे असा आग्रह आहे. वहिनी हयात आहेत, आई नव्वदीकडे झुकली आहे. दादांना अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून लागण झाली होती. हे आधीच ठासून सांगितले, तर त्यांच्या चारित्र्यावर कोणी बोट ठेवणार नाही, असे वाटते. बोलावे का?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : बोलावे, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र पहिला शब्द वहिनींचा असला पाहिजे. दादांच्या आजाराचे नाव निघताच ऐकणाऱ्यांच्या मनात वहिनींच्या प्रकृतीविषयी प्रश्न येणार, आणि त्याचे उत्तर देण्याची सक्ती त्यांच्यावर कोणालाही करता येत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एचआयव्ही-एड्सविषयक कायदा तर विश्वासाने सांगितलेली अशी माहिती त्या व्यक्तीच्या संमतीवाचून उघड करण्यास मनाई करतो.

क्षयरोग सांगितल्याचे ओझे मात्र बाळगू नका. आपल्या देशात एचआयव्हीबाधितांना सर्वाधिक गाठणारा आणि त्यांचा जीव घेणारा आजार क्षयच आहे, त्यामुळे आपण सांगितलेले कारण अर्धे तरी खरे असण्याचा पुष्कळ संभव आहे.

रक्ताचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ती हकीकत खरी असेल तर अवश्य सांगा, कारण पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर, १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली आणि तोवर रक्त घेणाऱ्या रुग्णांना किती धोका होता, हे आजच्या पिढीला ठाऊक नाही. परंतु दादांच्या निर्दोषत्वाचा दाखला म्हणून ती सांगू नका. तसे केल्यास ज्यांना अन्य मार्गाने लागण झाली ते सारे आपोआप दोषी ठरतात. कदाचित त्यांच्यापैकी कोणाची बहीण त्याच सभागृहात बसलेली असेल. भारतातील पहिली लागण १९८६ साली चेन्नईत उघड झाली ती डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून. ज्यांच्या रक्ताने हे सत्य देशाला कळले त्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांच्या वाट्याला कृतज्ञता आली नाही, तिरस्कार आला.

लागण कशी झाली हे एका वाक्यात आटोपून, लोक कसे वागले ते सविस्तर सांगावे, असे मी सुचवीन. गोव्यातील डॉमिनिक डिसोझा नियमित रक्तदान करीत. १९८९ मध्ये त्यांना लागण असल्याचे कळताच पोलिसांनी नेले आणि तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस एका जुन्या क्षयरुग्णालयात एकटे कोंडून ठेवले. त्यांच्या आई, लूसी डिसोझा, उच्च न्यायालयात गेल्या. सुटल्यावर डॉमिनिक स्वतःचे नाव घेऊन बोलत राहिले, आणि १९९२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांना कोंडले सरकारने. दादांच्या खोलीचा उंबरठा घरच्यांनीच आखला होता, आणि तेच सांगणे अवघड आहे. कोणा काकांचे किंवा मावशींचे नाव न घेता तेवढे सांगा. घरातल्यांना भीती होती, ताट-वाटीतून किंवा स्पर्शातून लागण होत नाही हे त्यांना कोणी समजावले नव्हते, हेही सांगा.

जोडीला एक वस्तुस्थिती जरूर द्यावी. प्रभावी संयुक्त औषधोपचार १९९६ च्या सुमारास आला, म्हणजे दादांच्या मृत्यूनंतर. आपल्याकडे सरकारी केंद्रांतून तो १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागला. आज नियमित औषध घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतके कमी राहिले, तर लैंगिक संबंधातून ते जोडीदाराकडे जात नाहीत. सभेत कोणी खासगीत विचारले तर १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक हाताशी ठेवा.

आईंना भाषणाच्या आधी घरी बसून सांगा, बाहेरून त्यांच्या कानावर जायला नको. आणि वहिनींनी नको म्हटले, तर कारण न विचारता ते मान्य करा. त्या दिवशी दादांचा उल्लेख टाळून डॉमिनिक आणि त्यांच्या आईंविषयी बोला, आणि दादांची हकीकत लिहून वहिनींच्या स्वाधीन करा.