शेतातल्या आखाड्यावर लाइट नाही, तिथं राहायचंय. सोलरचं काय काय घ्यावं?

इन्व्हर्टरच्या नादी लागू नका. दोन ९ वॅटचे बल्ब, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आणि मोबाईल एवढंच असेल, तर सगळं १२ व्होल्ट डीसीवर, म्हणजे थेट बॅटरीवर चालणारं घ्या. बल्ब ५ तास, पंखा रात्रभर ८ तास धरला तरी रोजची गरज ३६० वॅट-तासांच्या आसपास. त्याला १२.८ व्होल्ट, ५० एएचची (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. पॅनल मात्र २०० वॅटचं घ्या, आभाळाच्या दिवसांत कामी येतं. पॅनल आणि बॅटरीच्या मधे चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर लागतो; त्यात लिथियमचं सेटिंग आहे ना, ते दुकानातच बघा.

लेड-अ‍ॅसिड स्वस्त पडते, पण आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ती लवकर बसते.

पॅनल पत्र्याला चिकटवू नका, खालून हात जाईल एवढी फट ठेवा. तापलं की वीज घटते, दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के. तोंड दक्षिणेला, उतार १९-२० अंश. तुरीची रास चालू असली की वर भुसा-धूळ बसते. सकाळी, पॅनल थंड असतानाच, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज हवाच. आणि मृगाच्या आधी स्टँडला अर्थिंग करून घ्या, आपल्याकडं विजा फार पडतात.