पट्टीत ‘नॅन’ कुठून आलं?

प्रश्न : ताई, सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) करायला मी जावास्क्रिप्ट वापरून वेबपेज बनवलंय. हमालीची फाइल वेगळी, तोलाईची वेगळी. दोन्हींत ‘एकूण’ नावाचं फंक्शन. हमालीच्या रकान्यातही तोलाईचाच आकडा यायला लागला. म्हणून सगळं ‘पट्टी’ नावाच्या ऑब्जेक्टमध्ये (आकडे आणि फंक्शन्स एकत्र ठेवणाऱ्या डब्यात) घातलं, तर आता ‘पोतं वाढवा’ दाबलं की वजनाच्या जागी ‘नॅन’ (NaN, म्हणजे ‘हा आकडाच नाही’)! वडील म्हणतात, कॅल्क्युलेटरच बरा.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ऑब्जेक्ट केलंत ते बरोबरच. साध्या स्क्रिप्ट टॅगने आणलेल्या फाइली एकाच ग्लोबल, म्हणजे सामाईक, जागेत नांदतात. तिथे एका नावाची दोन फंक्शन्स आली की मागून आलेलं पहिल्याला मुकाट्याने बाजूला सारतं, एररसुद्धा येत नाही. ‘पट्टी.हमाली.एकूण’ आणि ‘पट्टी.तोलाई.एकूण’ अशी घरं वेगळी केली की भांडण मिटलं.

‘नॅन’चं मूळ निराळं आहे. बटण दाबल्यावर काय चालवायचं ते ठरवणाऱ्या ॲडइव्हेंटलिसनरला तुम्ही ‘पट्टी.वाढवा’ दिलंत. त्यातलं फक्त फंक्शन गेलं, पट्टी मागेच राहिली. क्लिक झाल्यावर ब्राउझर ते चालवतो तेव्हा ‘धिस’ (फंक्शन ज्याच्यासाठी चालतंय तो) म्हणजे ते बटण! बटणाला कुठलं आलंय ‘वजन’? अनडिफाइन्ड (न ठरलेली किंमत) अधिक पोत्याचे पन्नास म्हणजे नॅन, आणि ते नॅन बटणालाच चिकटून बसतं. मग कितीही पोती वाढवा, आकडा हलत नाही. ‘वाढवा’च्या पहिल्या ओळीत धिस ब्राउझरच्या कन्सोलवर छापा, बटण दिसेल.

उपाय सोपा : लिसनरमध्ये छोटं ॲरो फंक्शन (‘=>’ खुणेने लिहिलेलं) द्या आणि त्याच्या आत ‘पट्टी.वाढवा()’ म्हणा. मात्र ऑब्जेक्टमधलं ‘वाढवा’च ॲरो करू नका, ॲरोला स्वतःचा धिस नसतो, तो बाहेरचा घेतो, आणि तुमच्या फाइलीत बाहेर विंडो (ब्राउझरची खिडकी) आहे, पट्टी नाही. धिस कोण ते पक्कं करणारं बाइंडही चालतं, पण ते दर वेळी नवं फंक्शन देतं. पट्टी छापल्यावर रिमूव्हइव्हेंटलिसनरने बटण बंद करायचं असेल, तर बाइंड केलेलं फंक्शन आधी एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. नाहीतर लिसनर निघतच नाही आणि छापलेल्या पट्टीत पोती वाढत राहतात. ॲरोलाही हाच नियम.

मॉड्यूल (आपली नावं आपल्यापाशीच ठेवणाऱ्या जावास्क्रिप्ट फाइली) वापरा असं कुणीतरी सुचवेलच. २०१५ पासून ती भाषेतच आहेत, आणि प्रत्येक फाइलीला तिची स्वतंत्र जागा मिळते. पण दुकानात पेज डबल-क्लिक करून उघडत असाल, तर ब्राउझर मॉड्यूलच्या फाइली घेत नाही; लोकल सर्व्हर (आपल्याच कॉम्प्युटरवरून पेज पुरवणारा प्रोग्राम) लागतो. तोवर ‘पट्टी’ ऑब्जेक्टच ठेवा.