अहवाल लिहिणारी विद्यार्थिनी

‘‘मॅडम, माझी निवड चुकून झाली आहे. विद्यावेतन खात्यात जमा झाले की मला अपराधी वाटते,’’ असे यांत्रिकी अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी मला म्हणाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सवेतन इंटर्नशिपचे पाच आठवडे झाले होते आणि ती सोडून वर्गात परतावे का, असा तिचा प्रश्न होता. हीच शंका घेऊन अनेक जण येतात. त्यांना ‘आत्मविश्वास ठेव’ असे सांगणे सोपे असते, पण त्याचा उपयोग होत नाही.

नेमके कोठे अडले, ते मी विचारले. शाफ्टचा, म्हणजे यंत्रातील फिरत्या दांड्याचा, व्यास मायक्रोमीटर या सूक्ष्म मोजमापाच्या उपकरणाने मोजून तो ड्रॉइंगवरील टॉलरन्समध्ये, म्हणजे चालण्याजोग्या फरकाच्या मर्यादेत, बसतो का, एवढेच तिला तपासायचे होते. परंतु मायक्रोमीटर वाचता येत नसल्याचे कबूल करण्याची लाज वाटून तिने आकडा अंदाजाने लिहिला होता. मग आम्ही तिच्या प्रकल्पांची उजळणी केली. तिची भाषा चांगली, म्हणून प्रत्येक गटात अहवाल आणि सादरीकरण तिच्याकडेच आले होते. मुदत जवळ आली की गट कामाची अशीच वाटणी करतो, त्यामुळे गुणही बरे मिळतात. मात्र ज्याला जे आधीच येते तेच तो पुन्हा करतो आणि जे येत नाही ते झाकलेले राहते. तिची भीती, माझ्या मते, रास्त होती.

अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये काम आणि वर्ग यांची सांगड घालणाऱ्या शिक्षणाची सुरुवात केली, तेव्हा विद्यार्थी एक आठवडा कारखान्यात आणि एक आठवडा वर्गात असत. कारखान्यातला प्रश्न लगेच शिक्षकांपर्यंत जाई. सलग काही महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये ही सोय राहत नाही, म्हणून अडलेल्या गोष्टींची रोज नोंद ठेवून आठवड्यातून एकदा त्या पर्यवेक्षकांसमोर मांडाव्यात, असे आम्ही ठरवले. पहिली नोंद अर्थातच त्या अंदाजे आकड्याची होती. पर्यवेक्षक रागावले, त्यांनी तो भाग पुन्हा मोजायला लावला आणि मायक्रोमीटर शेजारी बसून शिकवला.

इंटर्नशिप तिने पूर्ण केली. पुढच्या प्रकल्पात तिने मोजमाप आणि चाचणी मागून घेतली. अहवाल दुसऱ्याने लिहिला, आणि तो फारच वाईट झाला, असे तिने मला हसत सांगितले.